एक दप्तर, अनेक विंडो: महसुली कामातील संगणकाच्या स्क्रीनचा इतिहास

महाड तालुक्यातील तळीये हे सह्याद्रीच्या उतारावरील गाव २२ जुलै २०२१ रोजी कोसळलेल्या दरडीमुळे महाराष्ट्रभर माहीत झाले. महसूल खात्याच्या लेखी मात्र ते त्याच्या कितीतरी आधीपासून, कोकणातील इतर कोणत्याही गावाप्रमाणे, क्रमांक दिलेल्या गाव नमुन्यांच्या रूपाने अस्तित्वात होते. हे नमुने पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात बांधलेले असत आणि आज ते संगणकाच्या स्क्रीनवर उघडतात. या स्थित्यंतराचा इतिहास लिहिताना सातबारा ऑनलाइन केव्हा झाला, स्वाक्षरी डिजिटल केव्हा झाली, असे टप्पे सांगितले जातात. परंतु ज्या स्क्रीनवर हे काम चालते तिची मांडणी कशी बदलत गेली, एखाद्या प्रोग्रॅमने पूर्ण स्क्रीन व्यापली की उघडी असलेली बाकीची कामे कुठे जातात आणि मराठी चालू आहे की इंग्रजी हे बसलेल्या माणसाला कशावरून कळते, या प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही. स्क्रीनच्या तळाशी असणाऱ्या अरुंद पट्टीचा, म्हणजे टास्कबारचा, इतिहास पाहिला तर असे दिसते की दोन लिप्यांत आणि अनेक नोंदवह्यांत एकाच वेळी चालणाऱ्या मराठी कार्यालयाला या पट्टीची गरज तिच्या निर्मात्यांनी कल्पिली होती त्याहून अधिक होती.

दप्तराची रीत

तळीये ज्या मुलखात येते तो पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्याचा दक्षिण भाग खोतीचा होता. शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा खोत हा या भागातील गावांचा व्यवहार पाहत असे आणि त्याच्या वह्या हाच बऱ्याच कुळांच्या हक्काचा एकमेव लेखी आधार असे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये खोती नष्ट करण्याचा कायदा केला, पाठोपाठ १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली आणि गावचे लिखाण वंशपरंपरेने सांभाळणाऱ्यांकडून पगारी तलाठ्याकडे आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालील नियमांनी या लिखाणाला आजचे रूप दिले. काही गावे मिळून होणाऱ्या सजाचा कारभार तलाठ्याकडे, ज्याला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम मिळाले आहे, आणि काही सजे मिळून होणाऱ्या मंडळाची देखरेख मंडळ अधिकाऱ्याकडे असते.

गाव नमुना सात हा जमिनीवरील हक्काचा अभिलेख असतो, नमुना बारा ही पिकांची नोंदवही असते आणि दोन्ही एकाच कागदावर येत असल्यामुळे त्यांना सातबारा म्हणतात. नमुना सहा ही फेरफाराची, म्हणजे हक्कात झालेल्या प्रत्येक बदलाची, नोंदवही. तर नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या नावावरील सर्व जमिनी एकत्र दिसतात. खातेदार मरण पावला आणि वारसांची नावे लावायची झाली की तलाठ्याला मृत्यूचा दाखला व वारसांचा जबाब पाहून, आठ-अ वरून त्या माणसाच्या जमिनी कुठे कुठे आहेत हे काढून, नमुना सहामध्ये नोंद धरावी लागे, हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत सोडावी लागे आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल नमुना सातवर द्यावा लागे. एका साध्या वारस नोंदीसाठी तीन वह्या आणि दोन-तीन सुटे कागद एकाच वेळी समोर उघडे असावे लागत, आणि चटईवर किंवा टेबलावर ते तसे पसरलेले असतही. एका वहीतले नाव वाचून दुसरीत उतरवताना पहिली वही मिटावी लागत नसे. ही गोष्ट इतकी स्वाभाविक होती की ती नियमात लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि संगणकाने पहिल्यांदा हिरावून घेतली ती हीच सोय.

ऐंशी अक्षरे, पंचवीस ओळी

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि त्यात महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली. त्या काळी कार्यालयीन संगणकावर डॉस ही कार्यप्रणाली चाले, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून फायली उघडण्याची व छपाई करण्याची कामे पार पाडणारी मूळ व्यवस्था. डॉसमध्ये स्क्रीन म्हणजे एका ओळीत ऐंशी अक्षरे आणि अशा पंचवीस ओळी. एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले आणि तो हा सगळा चौकोन आपलाच समजून वापरी. दुसरे काही पाहायचे तर चालू प्रोग्रॅममधून बाहेर पडणे हाच सरळ मार्ग होता. फुल-स्क्रीन हा शब्दही तेव्हा अनावश्यक होता, कारण त्याखेरीज दुसरी अवस्थाच नव्हती.

या एकाधिकाराची अडचण लवकरच जाणवू लागली. बोर्लंड कंपनीने १९८४ मध्ये साइडकिक नावाचा प्रोग्रॅम काढला, जो स्मृतीत दबा धरून बसे आणि ठरावीक कळा दाबताच चालू कामाच्या वरच टिपणवही किंवा गणकयंत्र उघडी; त्याला मिळालेली लोकप्रियता पाहता लोकांना एका वेळी एकाहून अधिक गोष्टी समोर हव्या होत्या हे स्पष्ट होते. दुसरी तजवीज प्रत्येक प्रोग्रॅमने आपापली केली. डीबेस थ्री प्लस या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्क्रीनच्या खालच्या अंगाला एक स्थितिदर्शक ओळ असे आणि तीत कोणती फाइल उघडी आहे, कॅप्स लॉक किंवा नम लॉक चालू आहे का, हे दिसे. प्रत्येक प्रोग्रॅमची ओळ निराळी असल्याने एकाची सवय दुसरीकडे कामी येत नसे, तरी तळाच्या ओळीत यंत्राची अवस्था सांगण्याची कल्पना येथे रुजली.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होता. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांसाठी झालेल्या कामातून जिस्ट हे तंत्र पुढे आले आणि पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते देशभर पोहोचवले. जिस्ट कार्ड हे संगणकात बसवायचे एक पाते असे, आणि ते बसवले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅममध्येही देवनागरी अक्षरे दिसू व छापता येऊ लागत. त्यामुळे एकच कीबोर्ड दोन लिप्यांची सेवा करू लागला, आणि आत्ता कोणती लिपी चालू आहे ही गोष्ट कायम ध्यानात ठेवणे हा कारकुनाच्या कामाचा भाग झाला. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर ही चिंता नव्हती, कारण मराठीचे यंत्र मराठीच उमटवी आणि इंग्रजीचे यंत्र शेजारच्या टेबलावर असे.

तळाशी पडलेली चित्रे

विंडोज ही मायक्रोसॉफ्टची प्रणाली नोव्हेंबर १९८५ मध्ये बाजारात आली. विंडो म्हणजे स्क्रीनवरील एक चौकट, जीत एक प्रोग्रॅम चालतो आणि शेजारच्या चौकटीत दुसरा. पहिल्या आवृत्तीत या चौकटी फरशांसारख्या एकमेकींना लागून बसत, एकीवर दुसरी चढू शकत नसे, आणि बाजूला ठेवलेल्या प्रोग्रॅमची छोटी चित्रे स्क्रीनच्या तळाशी राखून ठेवलेल्या जागेत येत. १९८७ अखेरच्या दुसऱ्या आवृत्तीत चौकटी एकमेकींवर चढू लागल्या, १९९० आणि १९९२ च्या आवृत्त्यांनी ही पद्धत घरोघर नेली, आणि तळाची चित्रे आता कोणत्याही चौकटीखाली झाकली जाऊ लागली. एखादी विंडो मॅक्सिमाइझ केली, म्हणजे जास्तीत जास्त मोठी केली, की ती पूर्ण स्क्रीन व्यापी आणि मिनिमाइझ करून खाली ठेवलेली कामे दिसेनाशी होत. कंट्रोल आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास उघड्या कामांची यादी येई, आल्ट-टॅबने एका कामातून दुसऱ्यात जाता येई. पण हे ज्याला माहीत त्यालाच माहीत असे.

विंडोज ९५ घडवताना मायक्रोसॉफ्टने सामान्य वापरकर्त्यांना बसवून ज्या चाचण्या घेतल्या त्यांचा वृत्तांत पुढे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. नवख्या माणसाला एका विंडोमागे दुसरी विंडो दडलेली आहे हे उमगत नाही, मिनिमाइझ केलेले काम त्याला नाहीसे झाल्यासारखे वाटते आणि तो तेच काम पुन्हा नव्याने उघडतो, असे त्यात आढळले होते. यावरचा उपाय म्हणून २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये टास्कबार हा कायमचा पट्टा देण्यात आला, ज्यावर डावीकडे स्टार्टचे बटण, मध्ये प्रत्येक उघड्या कामाचे नाव लिहिलेले एकेक बटण आणि उजवीकडे घड्याळ असे. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या आर्थर या १९८७ च्या प्रणालीत तळाशी चित्रांची पट्टी होतीच. नवे होते ते इतकेच की उघडे असलेले प्रत्येक काम या एकाच पट्टीवर नावानिशी दिसे आणि मॅक्सिमाइझ केलेली विंडो या पट्टीला झाकत नसे.

येथे दोन अवस्थांमधला फरक समजून घेणे आवश्यक आहे. मॅक्सिमाइझ केलेली विंडो टास्कबार सोडून उरलेले क्षेत्र भरते आणि या उरलेल्या क्षेत्राची मापे प्रणाली प्रत्येक प्रोग्रॅमला विचारल्यावर सांगते. फुल-स्क्रीन विंडो मात्र स्क्रीनची चारही टोके गाठते, आणि असे घडल्याचे प्रणालीच्या ध्यानात आले की टास्कबार आपणहून मागे सरतो. विंडोज ९५ च्या काळी सर्रास दिसणारी स्क्रीन ६४० बाय ४८० बिंदूंची असे आणि टास्कबारची उंची २८ बिंदू, म्हणजे उभ्या जागेचा सुमारे सतरावा हिस्सा. डॉसमध्ये वाढलेल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हा हिस्सा सोडणे जिवावर येई. त्यांपैकी काहींनी टास्कबारला शोधून थेट लपवण्याची युक्ती वापरली, आणि तिचा परिणाम असा की प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर लपवलेली पट्टी परत येत नसे व समोर बसलेल्या माणसाला संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे. वास्तविक अशा जबरदस्तीची गरज नव्हती. विंडोला पूर्ण स्क्रीनचे माप दिले की पुरे होते.

घड्याळाशेजारची लिपी

टास्कबारच्या उजव्या टोकाला, घड्याळाशेजारी, पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमची बारीक चिन्हे दाखवण्याची जागा होती. मराठी कार्यालयांच्या दृष्टीने हा कोपराच सर्वांत महत्त्वाचा ठरला. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि बंगळूरचे आकृती ही सॉफ्टवेअरे विंडोजवर आली तेव्हा ती याच टोकाला आपले चिन्ह ठेवून बसली, आणि स्क्रोल लॉकसारखी एखादी कळ दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल करण्याची रीत पडली. विंडोज २००० मध्ये युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतावर आधारलेली देवनागरी प्रणालीतच मिळू लागली, तिच्याबरोबर मंगल हा टंक आला, आणि विंडोज एक्सपीमध्ये भाषापट्टी टास्कबारवर बसून चालू भाषेची दोन अक्षरे दाखवू लागली. पुढे शासनाने युनिकोड मराठीचा आग्रह धरला, तेव्हा ही दोन अक्षरे तालुक्यातील प्रत्येक टेबलावर पोहोचली.

हे चिन्ह झाकले गेल्यास काय घडते हे एका उदाहरणावरून दिसेल. नाव लिहिण्याच्या चौकटीत चुकीची लिपी चालू असेल तर पहिल्याच अक्षराला चूक कळते आणि ती पुसता येते. पासवर्डच्या चौकटीत मात्र टंकलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी ठिपका उमटतो, म्हणून मराठी चालू राहिली आहे हे कळायला मार्ग उरत नाही, पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो आणि काही प्रयत्नांनंतर खातेच बंद होते. अंकांचेही तसेच आहे. काही कीबोर्ड मांडण्यांत मराठी चालू असताना वरच्या ओळीतील कळा देवनागरी अंक देतात, आणि गट क्रमांक एका ठिकाणी देवनागरी अंकांत व दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी अंकांत लिहिला गेला तर माणसाला तो एकच दिसतो, पण तशी वेगळी सोय केलेली नसेल तर यंत्राला ते दोन भिन्न क्रमांक वाटतात. टास्कबारवरील दोन अक्षरे या चुका होण्याआधी दाखवतात, आणि फुल-स्क्रीन प्रोग्रॅम नेमकी तीच अक्षरे झाकतो. एकच लिपी वापरणाऱ्या इंग्रजी वापरकर्त्याला फुल-स्क्रीनमुळे घड्याळ दिसेनासे होते. मराठी वापरकर्त्याला कीबोर्डची अवस्थाच दिसेनाशी होते.

महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने, जो पुढे अनेक शासकीय नोकऱ्यांसाठी आवश्यक ठरला, तालुक्याच्या गावापर्यंत मिनिमाइझ, मॅक्सिमाइझ आणि टास्कबार ही संगणक साक्षरतेची बाराखडी नेली. कोकणातल्या अनेकांनी स्टार्टचे बटण शाळेच्या संगणकावर नव्हे, तर अशा खाजगी केंद्रात पहिल्यांदा दाबले.

फुल-स्क्रीनचे पुनरागमन

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उलटा प्रवाह सुरू झाला. ॲपलने आपल्या प्रणालीच्या २०११ मधील लायन या आवृत्तीत प्रोग्रॅमना फुल-स्क्रीन होण्याची सोय प्रणालीतच दिली, आणि मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये आणलेल्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचे बटण काढून त्या जागी पूर्ण स्क्रीनचे आवरण आणले, ज्यात नव्या पद्धतीचे प्रोग्रॅम टास्कबार झाकूनच उघडत. टॅब्लेटवर बोट फिरवणाऱ्याला हे सोयीचे होते, पण टेबलावर बसून एका विंडोतून दुसरीत मजकूर नेणाऱ्याला नव्हते. वर्षभरातच, ऑक्टोबर २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये, स्टार्टचे बटण परत आले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये जुनी मांडणी बहुतांशी पूर्ववत झाली. कार्यालयीन वापरकर्त्याची गरज कंपनीला दुसऱ्यांदा शिकावी लागली असा याचा अर्थ होतो.

फुल-स्क्रीन योग्य ठरते अशी ठिकाणेही आहेत. स्पर्धा परीक्षा संगणकावर होऊ लागल्या तेव्हा परीक्षार्थीला प्रश्नपत्रिकेबाहेर जाता येऊ नये म्हणून टास्कबार झाकणे, आल्ट-टॅब निकामी करणे हे नियमाचाच भाग झाले. तलाठी पदाची २०२३ ची भरती परीक्षा संगणकावरच झाली. म्हणजे ज्या कामासाठी चार विंडो एकत्र लागतात त्या कामाचा माणूस एकाच बंद विंडोसमोर बसवून निवडला गेला. परीक्षेपुरते ते रास्त आहे, कारण तेथे बाहेर न जाणे हाच हेतू असतो आणि तो उमेदवाराला आधी सांगितलेला असतो. नोंदीच्या कामात हेतू नेमका उलटा असतो.

तळीयेनंतरची नोंद

तळीये येथील कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या व महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या महाडच्याच गावांनी हा प्रसंग पाहिला होता. तळीयेत काही जणांचे मृतदेह हाती लागले नाहीत आणि शोध थांबवून त्यांना मृत घोषित करण्यात आले. एरवी बेपत्ता माणसाच्या मृत्यूचे अनुमान करण्यासाठी पुराव्याच्या कायद्यात सात वर्षांचा काळ धरलेला आहे, त्यामुळे शासनाची ही घोषणा हीच वारसांच्या पुढील सर्व कागदांची पहिली पायरी होती.

अशा घटनेनंतर नोंदींचे जे काम उभे राहते ते कोणत्याही एका प्रोग्रॅमच्या आवाक्यातले नसते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या पातळीवर जन्म-मृत्यू नोंदणीच्या व्यवस्थेत होते, वारसांचा फेरफार ई-फेरफार या महसुली प्रणालीत धरला जातो, खातेदाराच्या जमिनी आठ-अ मध्ये पाहाव्या लागतात, आणि २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तिसऱ्याच संकेतस्थळावरून काढावा लागतो. एकाच घरातील अनेक जण एकाच दिवशी गेले असतील तर वारसाचा वारस ठरवताना मृत्यूच्या नोंदी परस्परांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहाव्या लागतात. या प्रत्येक व्यवस्थेची विंडो वेगळी आहे आणि त्यांना एकत्र धरणारी गोष्ट म्हणजे स्क्रीनच्या तळाची पट्टी. दप्तराच्या काळी जे काम पसरलेल्या वह्यांनी साधत असे ते येथे टास्कबारवरील बटणांनी साधते.

दरडीच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बाराची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावी असे ठरले. मोबाइलच्या स्क्रीनवर बहुधा एकच प्रोग्रॅम पूर्ण जागा व्यापतो आणि कायम दिसणारा टास्कबार तेथे नसतो, म्हणून डॉसच्या काळातील एका वेळी एक या पद्धतीकडे गाव नमुन्यांचा एक भाग परत गेला असे म्हणता येईल. शेतात उभे राहून एका पिकाचा फोटो घेणाऱ्याला ते चालते, कारण त्याला ताडून पाहायची दुसरी नोंद नसते. याच न्यायाने पाहिले तर फुल-स्क्रीन की टास्कबार या वादाचे उत्तर आवडीनिवडीत नसून कामाच्या स्वरूपात आहे. एकच गोष्ट पाहायची तेथे पूर्ण स्क्रीन द्यावी. नोंद ताडून पाहायची, दोन लिप्यांत लिहायची आणि एका वहीतून दुसरीत उतरवायची तेथे ती कधीही घेऊ नये. शासकीय प्रणाली बांधणाऱ्यांनी निविदेच्या अटींत एवढी एक अट घालावी की प्रोग्रॅम मॅक्सिमाइझ व्हावा पण टास्कबार झाकू नये, आणि जेथे झाकणे अपरिहार्य असेल तेथे चालू भाषा व बाहेर पडण्याची कळ स्क्रीनवर सतत दिसावी. या अटीला वेगळा खर्च जवळजवळ नाही, आणि वारस नोंदीतील एका नावाची चूक दुरुस्त करण्यासाठी वारसाला तालुक्याला घालाव्या लागणाऱ्या खेपांपुढे तो विचारात घेण्याजोगाही नाही.